सेनगावमार्गे समुद्र

"अवो, त्याला ढोलाखालून काढा आधी, मंग माह्यावर ओरडा!"

खरं तर ओरडत ती होती, मी फक्त पळत होतो. माझ्या बायकोचा आवाज असा आहे की ती अंगणात बोलली तर हायवेवरचे ट्रकवाले आपल्यालाच हाक मारली म्हणून ब्रेक दाबतात. त्या दिवशी अंगणात हळदीचं पॉलिश चालू होतं. वाळून दगडासारखी झालेली हळद जाळीच्या लोखंडी ढोलात भरायची, ट्रॅक्टरवर ढोल गरगर फिरवायचा, साल घासून निघते, आत हळकुंडं चकचकीत होतात आणि खाली पिवळ्या भुकटीचा ढीग साचतो. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही असला तो आवाज. पण तिचं ट्रॅक्टरवाल्याला एका हाकेत ऐकू गेलं. त्यानं ढोल बंद केला. पिवळा धुरळा हळूहळू खाली बसला आणि त्यातून आमचा कुत्रा उभा राहिला.

नाकापासून शेपटीपर्यंत पिवळा. दोन डोळे तेवढे काळे. तो शिंकला, तेव्हा आणखी अर्धा किलो हळद उडाली.

हळद निवडायला आलेल्या बायांपैकी एक म्हातारी म्हणाली, "लागली बघा हळद. आता काय, पाठवा सासरी." सगळ्या बाया हसल्या. बायकोही हसली, आणि मग मध्येच थांबून सुपातली हळकुंडं उगाच खालीवर करायला लागली. कारण ती म्हातारी जे गमतीनं बोलली ते खरंच होतं. हळदीचं काम उरकलं की त्याला सातशे किलोमीटरवर, समुद्राच्या बाजूला, लेकीकडे नेऊन सोडायचं होतं. पाहुणा म्हणून नाही. कायमचं.

तो ढोलाखाली कसा गेला, तेही माझ्यामुळेच. एवढ्या लांबच्या प्रवासाची त्याला सवय व्हावी म्हणून मी पंधरा दिवसांपासून तालीम घेत होतो. आमच्याकडे एक जुनी व्हॅन आहे. तिच्यातून केळी जातात, खताच्या गोण्या येतात, आणि लग्नसराईत चौदा माणसं जातात. तीत ह्याला पुढच्या सीटवर बसवायचं, फाट्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. पहिल्या दिवशी तो बसला तेव्हा गाडी डाव्या अंगाला कलली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसानं मला नमस्कार केला नाही, त्याला केला. ह्यात मी काही वाढवून सांगतोय असं कुणाला वाटलं तर वाटू द्या. पण ढोलाच्या दिवशी अंगणातून गाडी वळवताना त्याला ढोलाकडं पळणारी कोंबडी दिसली, आणि तो अर्ध्यात अडकलेल्या खिडकीतून तिच्यामागं असा गेला की खिडकीची काच, जी तीन वर्षं खाली होत नव्हती, ती पूर्ण खाली गेली.

हा कुत्रा आमच्या घरात कसा आला ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आठ वर्षांपूर्वी शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. रान मोकळं झालं की मेंढपाळ कळप घेऊन येतात, चार-आठ दिवस आपल्या वावरात राहतात, रानाला लेंडीखत मिळतं. त्यांच्यासोबत राखणीचे कुत्रे असतात, उंचेपुरे, लांब तोंडाचे, रात्री लांडग्याशी बोलणी करणारे. जाताना मेंढपाळाच्या बायकोनं एक पिल्लू माझ्या लेकीच्या ओटीत टाकलं. पायाला लागलेलं होतं, चालता येत नव्हतं, कळपामागं पळणं त्याला जमलं नसतं. लेक तेव्हा बारावीला होती. तिनं महिनाभर त्याच्या पायाला हळद-तेल बांधलं. पाय बरा झाला. नुसता बरा नाही, वाढायला लागला, आणि बाकीचा कुत्रा त्या पायाच्या मागं-मागं वाढत गेला. वर्षभरात तो एवढा झाला की म्हशीचं पारडू त्याच्यापासून दबून राहायचं. मागं गावात बिबट्या आल्याची आवई उठली होती. लोक म्हणतात बिबट्या आलाच नव्हता. माझं म्हणणं वेगळं आहे. तो आला होता, आमच्या बांधापर्यंत आला होता, आणि त्यानं बांधावर कोण झोपलंय ते पाहून हायवेला हात केला आणि मिळेल त्या गाडीनं गेला.

लेक शिकायला गेली तेव्हा हा तिच्या बसमागं फाट्यापर्यंत पळाला आणि तिथंच बसला. संध्याकाळी मी आणायला गेलो तर उठेना. चाळीस किलोचं धूड, उचलणार कोण? मग मीही शेजारी बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तो फाट्यावर, मी फाट्यावर. असं आठवडाभर चाललं. टपरीवाला म्हणायचा, काका, कुत्र्यापायी तुमाला बी तकलीफ झाली. मी म्हणायचो, काय करता, मुकं जनावर आहे, त्याला कोण समजावणार. टपरीवाल्यानं त्या आठ दिवसांत माझ्या तोंडाकडं पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं कोण कुणाला समजावत होतं.

तेव्हापासून तो माझाच झाला. मी उठलो की उठतो. मी जेवलो की जेवतो, आणि मी नाही जेवलो तर माझ्या वाट्याचंही जेवतो. दुपारी ओसरीवर मी आडवा झालो की माझ्या पोटावर डोकं ठेवतो. त्या डोक्याच्या वजनानं मला आजवर एकही वाईट स्वप्न पडलेलं नाही, पडायला छाती वर-खाली तरी व्हायला पाहिजे.

आणि ह्या संक्रांतीला लेकीचा फोन आला. ती तिकडे एका सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या नोकरीला आहे. दोन वर्षं एका मैत्रिणीसोबत खोलीत राहत होती. मैत्रिणीची बदली झाली. लेकीनं मग गावाच्या कडेला एक लहानसं घर घेतलं भाड्यानं, भोवती लाल चिऱ्याचं कुंपण, मागं झाडं. तिनं घर दाखवलं फोनवर, आंब्याचं झाड दाखवलं, विहीर दाखवली, आणि मग म्हणाली, बाबा, इथं कुत्र्याला जागा हाय. त्याला आणता का माझ्याकडं?

ह्या पोरीनं जन्मात काही मागितलेलं नाही. जत्रेत सुद्धा फुग्याकडं बघायची नि माझं बोट धरून पुढं चालायची. म्हणून मी फोनवर छाती फुगवून म्हणालो, उद्या आणतो, म्हण तर आत्ता निघतो. फोन ठेवला आणि बघतो तर तो माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपलेला.

मग उद्याचं परवा झालं. पहिल्यांदा मी म्हणालो, हळद काढायची आहे. मग हळद शिजवायची होती. मग वाळवायची होती. हळदीचं पीक मोठं सोयीचं असतं, त्यात कारणं फार निघतात. पण पॉलिशच्या पुढं काही राहत नाही. पॉलिश झालं की पोती वसमतच्या बाजारात जातात आणि माणूस रिकामा होतो.

मधल्या काळात मी त्याला तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणला. म्हटलं, एवढा प्रवास, घाट उतरायचा, समुद्राची हवा खारी, जनावराला झेपंल का, एकदा पाहा. डॉक्टरांनी दात पाहिले, छातीला नळी लावली, पाय दाबले. निघायच्या आधी सहा तास खायला देऊ नका म्हणाले, दर दोन तासांनी उतरवून पाणी पाजा, उघड्या टेम्पोत पाठीमागं बांधू नका. बाकी ठणठणीत आहे, कुठंही न्या. मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, नीट पाहा, काहीतरी असंल. त्यांनी पुन्हा नळी लावली. काहीच निघालं नाही. एवढं निराश होऊन मी दवाखान्यातून कधी बाहेर पडलेलो नाही.

मग मी रस्ता आखायला बसलो.

आता आमच्या गावाचं भाग्य असं की डोंगरकडा गावावरून जो हायवे जातो तो धरला की नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करत तो सरळ लेकीच्या बाजूला जाऊन समुद्रात बुडतो. एकदा स्टेअरिंग धरलं की वळवायचं सुद्धा काम नाही. लेकीनं फोनवर नकाशा पाठवला होता, तोही हेच सांगत होता. पण नकाशाला सोयरे नसतात. माणसाला असतात. पाहुण्याच्या गावावरून न थांबता जाणं म्हणजे काय असतं ते त्या नकाशाला काय कळणार. लोह्याला माझा साडू आहे. मागं एकदा मी त्याच्या फाट्यावरून चहा न घेता गेलो, तर त्यानं पोराच्या लग्नात सगळ्या मांडवाला टॉवेल-टोपी दिली आणि मला नुसता पाण्याचा ग्लास दिला. असली जोखीम मी पुन्हा घेणार नव्हतो.

म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू घेतली आणि मुक्काम लिहिले. लोह्याला साडू. औशाला मामेभाऊ. मंगळवेढ्याला बायकोच्या मावशीचा लेक. सांगलीच्या अलीकडं पुतणी दिलेली आहे, तिथं एक. कोल्हापूरला माझा कॉलेजातला दोस्त, ज्याला मी तीस वर्षांत भेटलो नव्हतो, पण त्याच्यावाचून आता राहवेना. सगळ्यांना फोन केले. आमी दोघं येतो आहोत म्हणालो, सोबत एक पाहुणा आहे. पाहुणा काय खातो म्हणून साडूनं विचारलं. भाकरीवर भागतं म्हणालो, फक्त अकरा लागतात, आणि झोपायला ओसरी पाहिजे, घरात त्याला गरम होतं. साडू म्हणाला, पैलवान हाय का? मी म्हणालो, घराणं त्याच वळणाचं हाय. खोटं मी बोललो नाही. त्यांनी पुढचं विचारलं नाही.

हे सगळं त्या पानावर होतं, आणि ते पान माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, आणि तो सदरा मी ढोलाच्या दिवशी खुंटीला काढून ठेवला होता, कारण मला कुत्रा धुवायचा होता.

त्याला बोअरवर नेला, पाण्याची मोटर चालू केली, आणि घाईघाईत कपडे धुवायची वडी चोळली. हळदीवर साबण पडला की काय होतं हे आमच्याकडं तान्ह्या लेकराला सुद्धा माहीत आहे. पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. पाच मिनिटांत पिवळा कुत्रा लालभडक झाला. कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढल्यासारखा. त्यानं अंग झाडलं, तर मीही लाल, बोअरही लाल, वाळत घातलेलं बायकोचं पांढरं लुगडंही लाल.

बायको आली, तिनं कमरेवर हात ठेवून पाहिलं. मला वाटलं आता पुन्हा हायवेवरचे ट्रक थांबणार. पण ती हळूच बोलली. सगळी जिंदगी हळदीत गेली तुमची, म्हणाली, अन् साबण लावता? काय होऊन राहिलं तुमाला?

तिनं माझ्या हातातली वडी काढून घेतली, नळी घेतली, आणि नुसत्या पाण्यानं त्याला धुवायला लागली. कान उलटे करून आत बोट फिरवून, लेकराला न्हाऊ घालतात तशी. तो डोळे मिटून उभा. माझ्याकडून धुऊन घेताना तो बोअरभोवती चार चकरा मारतो. तिच्यापुढं मात्र त्याची टाप नसते.

मग ती म्हणाली, खुंटीवरचा सदरा धुवायला घेतला तर खिशात कागद निघाला. आणि तिनं कमरेला खोचलेलं ते पान काढलं. ओल्या बोटांनी उलगडलं. अक्षर-अक्षर वाचलं, तिला घाई नव्हती.

"पहिला मुक्काम सेनगाव," ती म्हणाली. "ताईकडं."

मी म्हणालो, व्हय, बहीण आहे माझी, तिला न सांगता एवढ्या लांब कसं जायचं.

"समुद्र कवापासून सेनगावाकडं गेला?"

हे मला आधी लक्षात आलं नव्हतं असं नाही. सेनगाव आमच्या उत्तरेला, समुद्र खाली नैर्ऋत्येला. म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही समुद्राकडं पाठ करून निघणार होतो आणि दुसऱ्या दिवशी आमच्याच दारावरून पुढं जाणार होतो. मी तिला समजावलं की शुभ कामाला निघताना माणूस आधी बहिणीच्या हातचं खातो. अशी रीत आहे म्हणालो. ती म्हणाली, ही रीत तिला तीस वर्षांत पहिल्यांदाच कळली.

मग तिनं पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. जाताना सहा मुक्काम, तिनं बोटांवर मोजले. अन् येतानाचे कुठं हायत?

"येताना काहून थांबायचं," मी म्हणालो. "येताना एका दमात येऊ."

ती माझ्याकडं बघत राहिली. नळीतून पाणी तिच्या पायावर वाहत होतं. येताना गाडीत तो नसणार, हे मी बोललो नाही, तीही बोलली नाही. तिनं कागदाची घडी घातली, माझ्या ओल्या बनियनला खिसा नव्हता म्हणून माझ्या हातात दिली, आणि पुन्हा त्याच्या पोटाखाली पाणी मारायला लागली. जरा वेळानं म्हणाली, लेकीला फोन करा. द्यायचा नसंल तर न्हाई म्हणून सांगा. पोरगी तीन महिन्यांपासून वाट पाहून राहिली. तिला असं लटकवू नका.

मी संध्याकाळी फोन केला. ओसरीच्या कडेला बसून, कारण तिथं रेंज येते. तो शेजारी, अजून गुलाबी. मी ठरवलं होतं की न्हाई म्हणायचं, पण सरळ न्हाई म्हणणं आमच्या खानदानात कुणाला जमलेलं नाही. मी सुरुवात केली ती डॉक्टरांपासून. डॉक्टर म्हणतात ह्याचं काळीज हाय मोठं, घाटात उतरताना ते पुढं सरकतं. खारी हवा त्याच्या नाकाला चालत न्हाई. त्याला माशाचा वास आला की चक्कर येते, मागं वसमतच्या बाजारात आली होती, तिघांनी धरला. मी बोलत गेलो, ती ऐकत गेली. माझ्या लेकीचा हा गुण आहे, ती माणसाला त्याच्या खोट्यात शेवटपर्यंत जाऊ देते.

मी दमलो तेव्हा ती म्हणाली, "बाबा, डॉक्टर ठणठणीत म्हणले, आईनं सांगितलं मला."

मी म्हणालो, बरं, तब्येत ठीक हाय, पण त्याचं वय झालं. ह्या वयात माणसं बदलली तर तो जेवायचा न्हाई. इथं त्याला सगळं बराबर लागतं, माझ्या ताटातलं, माझ्या हातचं.

मग ती म्हणाली, "बरं. मंग राहू द्या तिकडंच."

तेवढ्यासाठीच मी फोन केला होता. मला हवं ते मिळालं होतं. आता पाऊसपाणी विचारायचं आणि फोन ठेवायचा. पण ते 'राहू द्या' ती अशी म्हणाली जशी जत्रेत फुग्यावाल्यापुढून जायची. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, माझ्या बोटावरची तिची मूठ तेवढी जाणवली. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला विचारलं की तिनं कुत्राच का मागितला. ती म्हणाली, असंच. मी म्हणालो, असंच तू काही मागत न्हाईस. मग ती म्हणाली की मैत्रीण गेल्यापासून घर मोठं वाटतं, बस्स.

"तुला भेव वाटतं का तिथं?" मी विचारलं.

"दिवसा न्हाई वाटत."

मी आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता गप्प बसलो. त्याच्या मानेत हात घातला. ओल्या केसात बोटं गेली, बोटं गुलाबी झाली. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, फोनमधून तिचा आवाज येत होता तिकडं कान टवकारले. मला ते आवडलं नाही, आणि आवडलंही. मी तिला म्हणालो, कुंपणाचं फाटक किती उंच हाय ते मोजून ठेव. आणि अकरा भाकरी करायची सवय कर.

फोन ठेवून मी आत गेलो. बायको परातीत पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. मी कागद चुलीत टाकला. बहिणीला, साडूला, मामेभावाला, सगळ्यांना उद्या फोन करून सांगतो म्हणालो. लोह्याच्या साडूनं मला पाण्याचा ग्लास सुद्धा नाही दिला तरी चालंल. परवा पॉलिश संपतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, हायवे धरायचा आणि मधी कुणाच्याच दारात उतरायचं न्हाई. चहाला न्हाई, जेवायला न्हाई. सरळ समुद्र.

तिनं पिठाचा गोळा उचलला, हातावर फिरवला.

"त्याला मुतायला तरी थांबवा," ती म्हणाली.